थोरली, धाकटी आणि ४१२

१४ जुलै, रविवार

रात्री सर्व्हरची मेल येऊन पडली होती. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, मध्यरात्र उलटली की तो दोन्ही डिस्कवरचा सगळा डेटा वाचून काढतो आणि ताळा जुळतो का ते बघतो. याला स्क्रब म्हणतात. डेबियन लिनक्सवर झेडएफएस ही फाइल सिस्टीम टाकली की हे वेळापत्रक आपोआप लागतं. एरवी त्या मेलमध्ये सगळी शून्यं असतात आणि मी ती न वाचताच पुसतो. आज दोन डिस्कपैकी धाकटीपुढे तीन आकडे होते: वाचनाच्या चुका ११, लेखनाच्या ३, ताळा न जुळल्याच्या ५. खाली निरोप, की दुरुस्ती झाली आहे, एकाही फायलीला धक्का नाही.

सर्व्हर हे नाव तसं भारीच. वरच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक जुना डेस्कटॉप आहे. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. आत ४ टेराबाइटच्या दोन डिस्क, एकीवर आहे तेच दुसरीवर. थोरली २०१८ची, धाकटी तिच्यानंतर तीन वर्षांनी आली. दोघी एका दिवशी, एका दुकानातून घ्यायच्या नाहीत हे तेव्हाच ठरवलं होतं. एकाच घाण्यातल्या डिस्क बऱ्याचदा एकाच सुमाराला जातात.

त्यांच्यावर आहेत मिरजेतल्या घरगुती बैठका. कॅसेटवरच्या, काही स्पूलवरच्या. मिरजेत गाणं फक्त दर्ग्याच्या उरुसात किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं होणाऱ्या सभांतच होतं असं नाही. कुणाच्या माडीवर, कुणाच्या बारशाला, सतारमेकर गल्लीत एखादी सतार तयार झाली म्हणूनही होई. त्यातलं जे कुणी टेप केलं आणि मला दिलं, ते मी गेली काही वर्षं संगणकावर उतरवतो आहे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ. तासाच्या कॅसेटची दोन जीबीची फाईल होते. पुष्कळ मूळ कॅसेटी आता पुन्हा वाजण्यासारख्या राहिलेल्या नाहीत.

भाच्याला पुण्याला फोन केला. तो याच धंद्यात आहे. आकडे ऐकले आणि म्हणाला, "मामा, डिस्क गेली बघ ती. उगाच अभ्यास करत बसू नकोस. काढ, नवी घाल, रात्रीतून भरून निघेल."

शक्य आहे. पण तो लेखनाचा ३ मला खटकतोय. तबकडी खराब होऊ लागली की आधी वाचन अडतं. लिहिताना जागा खराब निघाली तर डिस्क राखीव जागेत लिहून मोकळी होते, तक्रार करत नाही. लिहिताही येईना, म्हणजे भानगड कदाचित तबकडीपर्यंत पोचायच्या आधीची आहे.

१५ जुलै, सोमवार

लिनक्सच्या कर्नलची नोंदवही उघडली. धाकटीच्या नावावर लाल ओळींचा ढीग. अशा वेळी लोक पहिली ओळ वाचतात, 'रीड... फेल्ड' दिसलं की दुकान गाठतात. बघायची ती खालची, कंसातली अक्षरं. तिथे यूएनसी असेल तर डिस्क म्हणते आहे, जागा सापडली पण वाचता आली नाही, दोष तबकडीत. आयसीआरसी असेल तर वाटेतला मजकूर बिघडला. पत्र नीट लिहिलं होतं, टपालात भिजलं. माझ्याकडे सगळीकडे आयसीआरसी, आणि त्यानंतर एक ओळ, की जोडणीचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर उतरवला आहे. कर्नल बिचारा आपल्या परीनं वाट सुधारायला बघत होता.

मग डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो स्मार्टचा तक्ता काढला. त्याच्या सुरुवातीला 'पास्ड' असं ठसठशीत लिहिलेलं असतं. त्या शब्दावर मी काडीचाही विश्वास ठेवत नाही. धडधडीत मरायला टेकलेल्या डिस्कही पास झालेल्या पाहिल्या आहेत. खालच्या ओळींत पहिल्या काही रकान्यांत कंपनीनं आपल्या हिशेबानं दिलेले गुण असतात, तेही सोडून द्यायचे. शेवटच्या रकान्यातला कच्चा आकडा बघायचा, तोही सगळ्या ओळींचा नाही. ओळ १ आणि ओळ ७ मध्ये काही कंपन्यांच्या डिस्कवर कोट्यवधींचे आकडे दिसतात आणि चांगल्या डिस्कवरही दिसतात. ते बघून घाबरायचं कारण नाही. कामाच्या ओळी मोजक्या. ५ म्हणजे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आल्यानं निकाल लांबणीवर टाकलेले. १९८ म्हणजे वाचायचा प्रयत्न सोडून दिलेले. आणि १९९, डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका.

धाकटी: ५ शून्य, १९७ शून्य, १९८ शून्य, १९९ मध्ये ४१२.
थोरली: चारही शून्य.

म्हणजे केबल, किंवा पोर्ट, किंवा वीज. भाच्याला कळवलं. त्याचं उत्तर: "असेल. पण उन्हाळ्यात तापून डिस्कपण हलली असेल." तापण्याचा धाक सगळ्यांनाच फार. २००७ साली गूगलच्या तिघा संशोधकांनी आपल्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला, त्यात तापमान आणि बिघाड यांचं नातं लोक मानतात तेवढं घट्ट निघालं नाही. उलट थंड डिस्कच जरा जास्त गेल्या होत्या; तापमानाचा त्रास फार वरच्या टोकाला दिसला, तोही जुन्या डिस्कना. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष जास्त अस्वस्थ करणारा. गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या मुख्य चार खुणांपैकी एकही न दाखवता मान टाकली होती. तेव्हा थोरलीची चार शून्यं ही काही हमी नव्हे.

१६ जुलै, मंगळवार

पेटी उघडली. धूळ होती, पण मला वाटली तेवढी नव्हती. आधी दोन्ही डिस्कच्या लेबलांवरचे अनुक्रमांक टॉर्च धरून वाचले आणि पडद्यावरच्या यादीशी ताडून पाहिले. एसडीए, एसडीबी ही नावं मशीन सुरू होताना पडतात, उद्या उलटीही पडू शकतात. त्यांच्या भरवशावर डिस्क उपसायची नसते. थोरली वरच्या खणात, धाकटी खालच्या. स्केचपेननं तसं लिहून चिकटवलं.

धाकटीची डेटा केबल लाल, मशीनबरोबर आलेली. तिच्या टोकाला पत्र्याची कडी नाही. एल आकाराच्या त्या प्लास्टिकच्या खाचेत सात पट्ट्या असतात, चार डेटाच्या, तीन ग्राउंडच्या, आणि ते सगळं निव्वळ घर्षणावर टिकतं. केबल पेटीच्या दारापाशी काटकोनात मुडपली होती. दार लावलं की तिच्यावर दाब यायचा आणि टोक खणातून केसभर तिरकं व्हायचं. बोटानं हलवलं तर डुगडुगत होतं. ही जोडणी मुळात पन्नासेक वेळा काढ-घाल करण्यापुरतीच बनवलेली असते.

स्टेशन रोडच्या दुकानातून कडीची केबल आणली. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, त्यापेक्षा एसएसडी टाका की, झंझटच नको." ४ टेराबाइटच्या दोन एसएसडींचा भाव त्यानं सांगितला आणि आम्ही दोघंही हसलो.

केबल बदलली, बाकी कशाला हात लावला नाही. विजेच्या वाटेवर एक फाटा आहे, जुन्या चार पिनांच्या वायरीवरून साटा जोडणीच्या डिस्कला वीज देणारा. तोही मला पसंत नाही. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचे ते फाटे आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. पण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. फाट्याची पाळी नंतर.

वहीत लिहून ठेवलं: १९९ = ४१२. हा आकडा डिस्कच्या जन्मभराचा असतो, दुरुस्ती केली तरी खाली येत नाही. वाढतो की थांबतो, एवढंच बघायचं.

पुन्हा स्क्रब लावला. संध्याकाळी संपला. ४१२. जुनी लाल केबल कात्रीनं मधोमध कापली, नाहीतर ती ड्रॉवरमध्ये जाते आणि दोन वर्षांनी 'चांगली आहे' म्हणून कुणीतरी लावतं.

१७ जुलै, बुधवार. आषाढी एकादशी

गाणं शिकवणाऱ्या बाईंचा फोन. रविवारी गुरुपौर्णिमा, त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर त्यांच्या गुरुजींचा मियाँ मल्हार वाजवायचा आहे, १९८६च्या बैठकीतला. "तुमच्याकडे आहे ना सुखरूप?" आहे म्हणालो.

काल रात्री दोन्ही डिस्कवर मोठी चाचणी लावून झोपलो होतो. स्क्रब फक्त जिथे डेटा आहे तेवढंच वाचतो. मोठ्या चाचणीत डिस्क स्वतःची सगळी तबकडी कडेपर्यंत तपासते. ४ टेराबाइटला आठेक तास लागतात. साबुदाण्याची खिचडी खाऊन वर गेलो. धाकटी निर्दोष उतरली होती.

थोरलीपुढे लिहिलं होतं: वाचन अयशस्वी, चाचणी ४० टक्के शिल्लक असताना थांबली. पुढे पहिल्या न वाचता आलेल्या सेक्टरचा क्रमांक. ओळ १९७ मध्ये सोमवारी शून्य होतं, तिथे ८.

आठ हा आकडा ओळखीचा. डिस्क बाहेरच्या जगाला ५१२ बाइटचे सेक्टर दाखवते, पण तबकडीवर प्रत्यक्षात ४,०९६ बाइटचा एकेक ठोकळा असतो. एक ठोकळा वाचता आला नाही की वरच्या हिशेबात आठ सेक्टर अडकतात. तेव्हा ८ म्हणजे एकच जागा. ती जागाही मोकळी आहे, तिथे माझी एकही फाईल नाही; म्हणूनच रविवारच्या मेलमध्ये थोरलीपुढे शून्य होतं. पण गूगलच्या त्याच अभ्यासात, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता चूक नसलेल्यांपेक्षा ३९ पट होती.

भाच्याच्या सल्ल्याप्रमाणे रविवारीच धाकटी उपसली असती तर काय झालं असतं, हे लिहून ठेवतो. घरातली एकमेव निरोगी तबकडी मी टेबलावर काढून ठेवली असती. नवी डिस्क भरायला आजारी थोरलीवरचं सगळं वाचावं लागलं असतं, आणि त्यात कुठे अडलं तर ताडून बघायला दुसरी प्रत नाही. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात कंपन्या स्वतःच छापतात, की एकावर चौदा शून्यं इतके बिट वाचताना एखादी जागा न वाचता येणं गृहीत धरा. म्हणजे सुमारे साडेबारा टेराबाइट. ४ टेराबाइटची डिस्क तीन वेळा पूर्ण वाचली की त्या आकड्याच्या आसपास पोचतो आपण. ठणठणीत डिस्कचा हा हिशेब.

भाच्याला फोटो पाठवला. बराच वेळ काही नाही. मग: "च्यायला. दोन्ही लावूनच ठेव."

१८ जुलै, गुरुवार

तपास बंद, आधी नक्कल. दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवला की लोक त्याला बॅकअप म्हणतात, ते खरं नाही. फाईल चुकून पुसली तर दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते. आणि पाणी दोघींच्याही नाकातोंडात एकदमच शिरतं. २०१९च्या महापुरात सांगलीत ओळखीच्या एका घरात कॅसेटींचं अख्खं कपाट पाण्याखाली गेलं. त्यानंतर माझी तिसरी प्रत पुण्याला बहिणीकडे असते. पण ती दिवाळीतली आहे, नंतरचं काम तिच्यावर नाही.

यूएसबीची बाहेरची डिस्क लावली. तिची आधी तब्येत बघितली. यूएसबीच्या डब्यातली डिस्क स्मार्टचा तक्ता सहजी देत नाही, स्मार्टसीटीएल या आज्ञेला 'साट' असा वाटाड्या जोडून विचारावं लागतं. ती ठीक. बैठकांचे सहाएकशे जीबी दोन तासांच्या आत उतरले. सगळ्यात आधी १९८६ची फाईल, मग बाकीच्या.

मधल्या वेळात थोरलीचं एक जुनं दुखणं आठवलं. ती साधी डेस्कटॉप डिस्क आहे. अशा डिस्कला वाटतं की आपण घरात एकट्याच आहोत, म्हणून एखादी जागा वाचता येईना तर ती हट्टानं पुन्हापुन्हा वाचत बसते, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ ती कुणाशी बोलत नाही. लिनक्स ३० सेकंद वाट बघतो, मग डिस्क मेली असं समजून जोडणीच झटकून टाकतो. एका खराब ठोकळ्यापायी चांगली डिस्कसुद्धा अशी बाहेर फेकली जाते. सर्व्हरसाठी म्हणून ज्या डिस्क विकतात त्यांना सात सेकंदांत हात टेकायला शिकवलेलं असतं, कारण शेजारी दुसरी प्रत आहे हे त्यांना गृहीत असतं. धाकटी त्यातली. थोरलीला सात सेकंदांचा हुकूम देऊन पाहिला, तिनं 'ही सोय नाही' म्हणून परत पाठवला. मग लिनक्सचीच वाट बघण्याची मुदत ३० वरून १८० सेकंद केली. मशीन बंद करून सुरू केलं की ही मुदत पुन्हा ३० वर येते, म्हणून सुरुवातीच्या फायलीत ती ओळ घालून ठेवली.

रात्री वहीत: थोरली १९७ = २४.

२० जुलै, शनिवार

नवी डिस्क आली. घेताना एकाच गोष्टीवर हटून बसलो. हल्ली काही डिस्कवर पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहितात, त्याला एसएमआर म्हणतात. तेवढ्याच तबकडीवर जास्त मावतं, पण मधलं काही बदलायचं तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. सिनेमे साठवायला ठीक. जोडीतली डिस्क नव्यानं भरताना मात्र ती मध्येच धापा टाकते, कधी कधी इतकी की झेडएफएस तिला नादुरुस्त ठरवून मोकळं होतं. २०२० साली मोठ्या कंपन्यांना कबूल करावं लागलं, की काही घरगुती डिस्कमध्ये हे तंत्र त्यांनी न सांगता घातलं होतं. खोक्यावर अजूनही सहसा काही लिहीत नाहीत. मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत शोधावा लागतो. दुकानदार म्हणाला, "काका, पहिलंच गिऱ्हाईक आहात, हे विचारणारं."

घातली, पण लगेच जोडीत घेतली नाही. काही नव्या डिस्क सुरुवातीलाच जातात. बॅडब्लॉक्स या प्रोग्रामला सांगितलं, हिच्यावर काठोकाठ लिही आणि वाचून बघ, चार वेगवेगळे नमुने. दोन दिवस तरी जातील. बायको म्हणाली, नवीन आणलेली वस्तू आधी मोडते का बघताय? अगदी तेच करतोय.

मदरबोर्डवर साटाचे चार पोर्ट आहेत, तेव्हा थोरली, धाकटी आणि ही नवी तिघी एकदम बसल्या. याच निमित्तानं विजेचा तो फाटा काढून टाकला. १९९ चार दिवस ४१२ वरच होता, त्यामुळे आता केबलचा निकाल लागला असं धरायला हरकत नाही.

२१ जुलै, रविवार. गुरुपौर्णिमा

सकाळी बाईंकडे. पेनड्राइव्हवरून मल्हार लावला. विलंबितात एका ठिकाणी पाऊण सेकंद आवाज बसतो आणि पुन्हा वर येतो. मी दचकलो. बाई हसल्या, "ते टेपचंच आहे हो. तेव्हा लाइट गेली होती. गुरुजी थांबले नाहीत, अंधारात गायले, टेपरेकॉर्डर तेवढा मागं पडून बॅटरीवर आला." उतरवताना मीच ही जागा दहा वेळा ऐकली असेल, पण या आठवड्यात प्रत्येक खरखरीत मला सेक्टर ऐकू येतात. घरी येऊन त्या फाइलीचा ताळा घरातल्या प्रतींत जुळवून पाहिला. जुळला.

२४ जुलै, बुधवार

बॅडब्लॉक्स काल संपला, चुका शून्य. रात्री बदली लावली. थोरलीला आधी काढायचं नाही. ती खणातच राहते, जे तिच्याकडून वाचता येतं ते तिच्याकडून, जे येत नाही ते धाकटीकडून, आणि नवी पूर्ण भरली की झेडएफएस स्वतःच थोरलीला जोडीतून मोकळी करतं. जागा नाही म्हणून जुनी आधी काढून नवी घालणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एक पोर्ट वाढवणारं कार्ड घ्यावं, पण हे असंच करावं.

सकाळी काम झालेलं होतं. थोरलीपुढे वाचनाच्या चुका ३, म्हणजे आता खराबी भरलेल्या जागेतही पोचली होती. त्या तीनही ठिकाणी धाकटीनं भरपाई केली. खराब फायली: एकही नाही. थोरली १९७ = ५६. धाकटी १९९ = ४१२.

पुण्याची प्रतही आता ताजी करायची. बहिणीला सांगितलं, डिस्क भाच्याबरोबर पाठव.

२८ जुलै, रविवार

भाचा आला, डिस्क घेऊन आणि थोरलीवर डोळा ठेवून. "मामा, तिच्यावर सगळी शून्यं लिहून काढली तर पेंडिंग साफ होतं. गेम टाकायला मला चालेल."

लिहून काढली. पाऊस धो धो, जायला कुठे नव्हतंच. नव्यानं लिहिताना डिस्क त्या अडकलेल्या जागांचा निकाल लावते: जागा टिकली तर तीच वापरते, नाही टिकली तर राखीव जागेत हलवते. संध्याकाळी १९७ शून्य झालं आणि ५ मध्ये ४० आले. भाचा खूश. मी म्हणालो, आता पुन्हा मोठी चाचणी लाव. रात्री जेवताना ती परत अडकली, दुसऱ्याच ठिकाणी. त्याची गेमची हौस तिथेच संपली. गॅरंटी केव्हाच सरली आहे. उद्या तो आणि मी टॉर्क्सच्या पेचकसानं ती उघडणार आहोत. त्याला तबकड्या बघायच्या आहेत, आणि सतारमेकर गल्लीतल्या एकानं आतले लोहचुंबक मागून ठेवलेत, बारीक खिळे उचलायला.

पेटीचं दार लावायच्या आधी आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली. दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक, कुठली कुठल्या खणात, नव्या केबलची तारीख. त्याखाली: धाकटी १९९ = ४१२, हा जुना आकडा आहे, घाबरू नये. ४१३ दिसला तर आधी केबल बघावी. आणि कुठलीही डिस्क काढण्याआधी दोन्हींची मोठी चाचणी लावावी.